स्वातंत्र्य फक्त चार मैल दूर होतं! रावळपिंडीतून निसटलेले मराठी वैमानिक कसे पकडले गेले, आणि ही गोष्ट आपल्यापर्यंत पोहोचली कशी?

१३ ऑगस्ट १९७२, रविवारची सकाळ. खैबर खिंडीतल्या लांडी कोतल गावात पठाणी पोशाखातले तीन तरुण चहाच्या टपरीवर थांबतात. इथून लांडी खाना किती लांब आहे, अशी ते चौकशी करतात. टपरीवाला बुचकळ्यात पडतो. लांडी खान्याला आता कोण जातं?

हे तिघे भारतीय हवाई दलाचे अधिकारी होते. आदल्या रात्री ते रावळपिंडीच्या युद्धकैदी छावणीची भिंत फोडून बाहेर पडले होते. अफगाणिस्तानची हद्द तिथून जेमतेम चार मैलांवर, म्हणजे साडेसहा किलोमीटरच्या आसपास होती. सांगलीहून मिरजेला जायला याहून जास्त अंतर कापावं लागतं. पण एका जुन्या रेल्वे स्टेशनच्या नावाने घात केला.

या तिघांचे म्होरके होते फ्लाइट लेफ्टनंट दिलीप कमलाकर परुळकर. पुढे ग्रुप कॅप्टन होऊन ते निवृत्त झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये पुण्याजवळ वयाच्या ८२ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. ते नेमके कोण होते, पळून जाण्याचा बेत कसा आखला गेला, तो कुठे फसला आणि युद्धात लढलेल्या वैमानिकांनी पुढे लेखणी हातात घेतली नसती तर काय झालं असतं? समजून घेऊया.

थोडक्यात महत्त्वाचं

• १० डिसेंबर १९७१ रोजी परुळकर यांचं सुखोई-७ विमान पाकिस्तानात पाडलं गेलं आणि ते युद्धकैदी झाले.
• १२ ऑगस्ट १९७२ च्या रात्री मालविंदर सिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी यांच्यासह ते छावणीतून निसटले.
• अफगाण सीमेजवळच्या लांडी कोतल इथे तिघे पकडले गेले. १ डिसेंबर १९७२ रोजी सगळे वाघामार्गे मायदेशी परतले.
• त्याच छावणीतले वैमानिक धीरेंद्र जाफा आणि कॅनडाच्या लेखिका फेथ जॉन्स्टन यांच्या पुस्तकांमुळे ही हकिकत तपशिलासह नोंदली गेली.

कोण होते दिलीप परुळकर?

मार्च १९६३ मध्ये परुळकर हवाई दलात अधिकारी म्हणून दाखल झाले. दोनच वर्षांत १९६५ चं युद्ध सुरू झालं. एका मोहिमेत जमिनीवरून झालेला मारा त्यांच्या विमानाला लागला आणि त्यांच्या उजव्या खांद्याला जखम झाली. विमान सोडून बाहेर पड, असा सल्ला तुकडीच्या म्होरक्याने दिला. परुळकरांनी मात्र जखमी हाताने विमान तळावर परत आणलं. या कामगिरीबद्दल त्यांना वायुसेना पदक मिळालं. पुढे विशिष्ट सेवा पदकानेही त्यांचा गौरव झाला.

कधी शत्रूच्या हाती सापडलो तर पळून दाखवेन, असं ते युद्धाच्या आधीपासूनच बोलून दाखवत. बोलायला सोपी वाटणारी ही गोष्ट खरी करून दाखवण्याची वेळ १९७१ मध्ये आली.

१० डिसेंबर १९७१ ला काय घडलं?

परुळकर तेव्हा २६ व्या स्क्वॉड्रनमध्ये होते. ही स्क्वॉड्रन सोव्हिएत बनावटीची सुखोई-७ विमानं उडवत असे. एकच इंजिन आणि एकच आसन असलेलं हे विमान मुख्यतः जमिनीवरची लक्ष्यं टिपण्यासाठी होतं. रणगाडे, तोफा, रेल्वे, रडार केंद्रं अशा ठिकाणांवर ते रॉकेट आणि ३० मिलिमीटरच्या तोफांनी हल्ला करायचं.

इथे एक तांत्रिक मुद्दा लक्षात घ्यायला हवा. जमिनीवरचं लक्ष्य अचूक टिपायचं तर विमानाला खाली यावं लागतं. खाली आलं की ते विमानविरोधी तोफांच्या टप्प्यात येतं. शिवाय सुखोई-७ चं इंजिन भरपूर इंधन पीत असे, त्यामुळे लक्ष्यावर फार वेळ घुटमळायला किंवा लांबचा वळसा घ्यायला वाव नसे. १९७१ च्या युद्धात या विमानांचं बरंच नुकसान झालं, त्यामागे कामाचं हे स्वरूप होतं.

१० डिसेंबरला लाहोरच्या ईशान्येकडे, जफरवालच्या परिसरात परुळकर यांच्या विमानाला मारा लागला. त्यांनी इजेक्शन सीटचं हँडल ओढलं आणि पॅराशूटने ते शत्रूच्या हद्दीत उतरले. गावकऱ्यांनी त्यांना मारहाण केली आणि मग ते पाकिस्तानी सैन्याच्या ताब्यात गेले.

इजेक्शन सीट म्हणजे सुखरूप सुटकेची हमी, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात आसनाखालच्या स्फोटक काडतुसामुळे वैमानिक क्षणार्धात वर फेकला जातो. त्या धक्क्यात शरीराच्या वजनाच्या अनेक पट भार पाठीच्या कण्यावर येतो. परुळकर धडधाकट राहिले. त्यांच्या आधी पाच दिवस, म्हणजे ५ डिसेंबरला, पाडल्या गेलेल्या त्याच स्क्वॉड्रनच्या जाफा यांच्या पाठीच्या कण्याला मात्र गंभीर दुखापत झाली.

छावणीत कोण कोण होतं?

सुरुवातीचे दिवस प्रत्येकाला एकट्याला कोंडून ठेवण्यात आणि चौकशीत गेले. १९७१ च्या नाताळला मात्र सगळ्या भारतीय वैमानिकांना एकत्र आणण्यात आलं. छावणीचे प्रमुख स्क्वॉड्रन लीडर उस्मान हमीद यांनी त्यांच्यासाठी केक आणला होता. उस्मान हे नाव लक्षात ठेवा. या गोष्टीत ते पुन्हा येणार आहेत.

रावळपिंडीत एकूण १२ भारतीय वैमानिक होते. विंग कमांडर बी. ए. कोएलो सर्वांत ज्येष्ठ. त्यांच्याखालोखाल जाफा आणि ए. व्ही. कामत हे स्क्वॉड्रन लीडर. त्याशिवाय परुळकर, ग्रेवाल, सिंहजी, तेजवंत सिंग, जे. एल. भार्गव, आदित्य विक्रम पेठिया, व्ही. एस. चाटी, के. सी. कुरुविला आणि एच. मुल्ला-फिरोझ. प्रकृती बिघडल्याने पेठिया यांना इतरांच्या आधीच भारतात पाठवण्यात आलं.

युद्ध १६ डिसेंबरच्या ढाक्यातल्या शरणागतीनंतर थांबलं होतं. २ जुलै १९७२ ला शिमला करारही झाला. पण कैद्यांना घरी कधी पाठवणार, हे कोणीच सांगत नव्हतं. कैदेची मुदत ठाऊक असेल तर माणूस दिवस मोजतो. इथे मोजायला काही नव्हतं. परुळकरांच्या डोक्यातला बेत याच काळात पक्का होत गेला.

युद्धकैद्याने पळून जाणं गुन्हा आहे का?

नाही. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा करारात याबद्दल स्पष्ट तरतुदी आहेत. कैदी पळाला आणि आपल्या सैन्याला जाऊन मिळाला, तर पुढे कधी पुन्हा पकडला गेला तरी त्या पलायनाबद्दल त्याला शिक्षा देता येत नाही. पळताना मध्येच सापडला, तर फक्त शिस्तभंगाची कारवाई करता येते आणि अशा शिक्षेची कमाल मर्यादा ३० दिवस असते. अर्थात पळणाऱ्या कैद्यावर पहारेकरी गोळी चालवू शकतो. त्यामुळे कायद्याचं संरक्षण लागू होण्यासाठी आधी जिवंत सापडणं भाग होतं.

छावणीतल्या ज्येष्ठांसमोर आणखी एक पेच होता. तिघे निसटले तर मागे राहिलेल्यांचं काय? त्यात जखमीही होते. त्यांच्यावर सूड उगवला गेला तर? शिवाय आज ना उद्या सुटका होणारच असेल, तर जीव धोक्यात का घालायचा? हे प्रश्न भित्रेपणाचे नव्हते. बेताला लगेच होकार मिळाला नाही, तो यामुळेच.

भारताऐवजी अफगाणिस्तानकडे का?

नकाशा पाहिला तर रावळपिंडीहून भारताची बाजू पूर्वेला आहे. घरी जायचं तर पूर्वेकडे निघावं, असं कोणालाही वाटेल. पण युद्धानंतर दोन्ही सैन्यं पूर्वेकडच्या सीमेवर आमनेसामने उभी होती. सुरुंग पेरलेले होते. अंधारात चालत येणाऱ्या माणसावर दोन्हीकडून गोळीबार झाला असता.

पश्चिमेला रावळपिंडी ते पेशावर सुमारे १७० किलोमीटर आणि तिथून खैबर खिंडीतून लांडी कोतल सुमारे ५० किलोमीटर. या वाटेवर बस होत्या, माणसांची ये-जा होती आणि पलीकडचा अफगाणिस्तान तटस्थ देश होता. पळून आलेला युद्धकैदी तटस्थ देशात पोहोचला तर त्याला मोकळं सोडावं, असा नियम १९०७ च्या हेग करारात आहे. त्यामुळे काबूल गाठलं की दिल्ली गाठल्यासारखंच होतं.

तयारी कशी झाली?

या पलायनात मोठं यंत्र किंवा बाहेरची मदत नव्हती. हाताशी जे होतं त्यातूनच सगळं उभं राहिलं.

पैसे: जिनिव्हा करारानुसार युद्धकैदी अधिकाऱ्यांना दरमहा थोडी रक्कम मिळते. ती पाकिस्तानी चलनात मिळत होती. त्यातूनच प्रवासखर्च साठवला गेला.

होकायंत्र: सुईला चुंबकत्व देऊन घरगुती होकायंत्र तयार करण्यात आलं. सुई एकाच दिशेने चुंबकावर घासली की तिच्यात चुंबकत्व येतं, हा शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकातला प्रयोग इथे कामाला आला.

पाण्याच्या पिशव्या: लढाऊ वैमानिक जी-सूट घालतात. विमान जोरात वळलं की रक्त पायांकडे ओढलं जातं आणि शुद्ध हरपू शकते. ते टाळण्यासाठी या सूटमधल्या रबरी पिशव्या हवेने फुगून पाय आणि पोट आवळतात. त्याच पिशव्या पाणी वाहून नेण्यासाठी वापरायचं ठरलं.

कपडे आणि नावं: तिघांनी पठाणी पोशाख मिळवले आणि खोटी नावं ठरवली. परुळकर झाले फिलिप पीटर, सिंहजी हॅरॉल्ड जेकब आणि ग्रेवाल अली अमीर. परुळकर आणि सिंहजी यांनी ख्रिस्ती नावं घेतली. कोणी विचारलंच तर आपण पाकिस्तानी हवाई दलाच्या लाहोर तळावरचे लोक आहोत आणि सुट्टीवर फिरायला निघालो आहोत, असं सांगायचं ठरलं.

भिंत: सर्वांत कठीण काम हेच. कोठडी क्रमांक ५ ची मागची भिंत निवडण्यात आली. आधी गिलावा, मग विटांमधला चुना-सिमेंट खरवडायचं आणि एकेक वीट सैल करायची. हत्यारं म्हणजे चाकू, कात्री, स्क्रू ड्रायव्हर. पहारेकऱ्याची चाहूल लागली की काम थांबायचं. निघालेला राडारोडा रेडक्रॉसकडून आलेल्या पार्सलांच्या रिकाम्या खोक्यांत भरून खाटांखाली सरकवला जायचा. बाहेर न पडणारे साथीदारही या कामात सामील होते. कोणी खणायचं, कोणी लक्ष ठेवायचं. पळून तिघे गेले, पण घाम इतरांनीही गाळला होता.

१२ ऑगस्टची रात्र

१२ ऑगस्टला शनिवार होता. दुसऱ्या दिवशी रविवार आणि त्यानंतर १४ ऑगस्टला पाकिस्तानचा स्वातंत्र्यदिन. सुट्टीच्या वातावरणात पहारा थोडा ढिला असेल, असा हिशेब होता.

त्या रात्री वादळ आणि पाऊस आला. पावसापासून बचाव करण्यासाठी पहारेकरी आडोशाला गेला. बाहेरच्या बाजूचा शेवटचा गिलावा फोडला गेला आणि तिघे एकामागून एक बाहेर सरपटले. भिंत ओलांडल्यावर समोर रस्ता होता. सिनेमाचा रात्रीचा खेळ नुकताच सुटला होता आणि माणसं घरी निघाली होती. तिघे त्या गर्दीत मिसळले.

तिथून बसने पेशावर. पुढे काही अंतर टांग्याने, काही पायी, मग जमरूदहून लांडी कोतलची बस. सकाळी ते लांडी कोतलला पोहोचलेही. रात्रीचा प्रवास ठरवल्यापेक्षाही चांगला झाला होता.

मग गणित कुठे चुकलं?

ब्रिटिशांनी खैबर खिंडीतून रेल्वे बांधली. १९२५ मध्ये ती लांडी कोतलपर्यंत सुरू झाली आणि १९२६ मध्ये आणखी पुढे, अफगाण सीमेच्या जवळ असलेल्या लांडी खान्यापर्यंत नेण्यात आली. परुळकर आणि साथीदारांनी जमवलेल्या माहितीत या मार्गाचं शेवटचं स्टेशन लांडी खाना असंच होतं. त्यामुळे लांडी कोतलहून लांडी खाना गाठायचं आणि तिथून सीमा ओलांडायची, हा बेत कागदावर बिनचूक होता.

पण लांडी कोतल ते लांडी खाना हा टप्पा डिसेंबर १९३२ मध्येच बंद झाला होता. म्हणजे तिघांनी ज्या स्टेशनची चौकशी केली, तिथे जवळपास ४० वर्षं गाडी गेलेली नव्हती. आज एखाद्या अनोळखी माणसाने सातारच्या स्टँडवर उभं राहून चार दशकांपूर्वी बंद झालेल्या गाडीची वेळ विचारली, तर आजूबाजूचे लोक माना वळवून बघतील. तिथेही तेच झालं.

त्यात भर पडली काळाची. बांगलादेश वेगळा झाल्यानंतर पश्चिम पाकिस्तानात अडकलेले अनेक बंगाली लोक याच खिंडीतून अफगाणिस्तानात निसटत होते. त्यामुळे सीमेजवळ दिसणाऱ्या अनोळखी, पश्तू न बोलणाऱ्या माणसांवर लोकांची नजर होती. तिघांनी भाड्याच्या गाडीची चौकशी सुरू केली, तेव्हा तहसील कचेरीतल्या एका कारकुनाने त्यांना हटकलं. हे पळून जाणारे बंगालीच, असा त्याचा समज झाला. भारतीय वैमानिक ही शक्यता त्याच्या मनातही आली नसावी.

जीव वाचवणारा फोन

आता प्रश्न सुटकेचा राहिला नव्हता, जगण्याचा होता. टोळ्यांच्या त्या मुलखात कोणी संशयावरून गोळी घातली असती, तरी विचारणारं कोणी नव्हतं. सोंग पुढे रेटलं तर तुरुंग, खरं सांगितलं तर कदाचित त्याहून वाईट.

परुळकरांनी एक डाव टाकला. आपण पाकिस्तानी हवाई दलाचेच आहोत हे सोंग कायम ठेवून त्यांनी हवाई दल प्रमुखांच्या एडीसींशी फोन जोडून द्यायला सांगितलं. हे एडीसी म्हणजेच उस्मान हमीद. नाताळला केक आणणारे छावणीप्रमुख आता या नव्या पदावर होते. पलीकडून कोण बोलतंय, हे उस्मान यांच्या लक्षात आलं. ही माझी माणसं आहेत, त्यांना सांभाळून ठेवा, हात लावू नका, असा निरोप त्यांनी तिथल्या अधिकाऱ्यांना दिला. पोलिटिकल एजंट मेजर बर्की यांच्यासमोर मग तिघांची खरी ओळख उघड झाली.

आठ महिन्यांपूर्वीच्या युद्धात एकमेकांवर बॉम्ब टाकणाऱ्या दोन हवाई दलांमधला हा प्रसंग आहे. त्या फोनमुळे तीन जीव वाचले.

नंतर काय झालं?

तिघांना परत आणून एकान्त कोठडीची शिक्षा झाली. नंतर सगळ्या भारतीय वैमानिकांना ल्यालपूर, म्हणजे आजच्या फैसलाबादच्या तुरुंगात हलवण्यात आलं. तिथे भारतीय लष्कराचे युद्धकैदीही होते. नोव्हेंबरच्या अखेरीस पाकिस्तानचे अध्यक्ष झुल्फिकार अली भुट्टो यांनी सुटकेची घोषणा केली आणि १ डिसेंबर १९७२ ला कैदी वाघा सीमेवरून चालत भारतात आले. म्हणजे पलायनाच्या प्रयत्नानंतर साडेतीन महिन्यांनी सगळेच सुटले.

मग एवढा धोका पत्करून काय मिळालं? याचं उत्तर ऑगस्ट १९७२ मध्ये उभं राहून शोधावं लागतं. सुटका डिसेंबरमध्ये होणार, हे तेव्हा छावणीत कोणालाही ठाऊक नव्हतं.

परुळकर हवाई दलात परतले. हवाई दल अकादमीत त्यांनी प्रशिक्षक म्हणून काम केलं, सिंगापूरला प्रतिनियुक्तीवर गेले आणि खडकवासल्याच्या एनडीएमध्ये बटालियन कमांडरही झाले.

वैमानिक लिहिते झाले म्हणून...

युद्धाच्या सरकारी नोंदीत अशा घटनेला किती जागा मिळते? तारीख, नाव, विमानाचा क्रमांक आणि 'युद्धकैदी' एवढा शेरा. भिंत खणताना कोणाला भीती वाटली, ज्येष्ठांनी होकार द्यायला वेळ का घेतला, शत्रूचा एखादा अधिकारी कसा वागला, हे त्यात सापडत नाही. ते लिहिणारा माणूस तिथे असावा लागतो, नाहीतर तिथे असलेल्यांशी बोलणारा तरी.

रावळपिंडीच्या बाबतीत दोन्ही घडलं. जाफा हे स्वतः कैदी होते आणि वीरचक्राचे मानकरी. पुढे त्यांनी कैदेतल्या आणि युद्धातल्या अनुभवांवर लिहिलं. 'डेथ वॉजन्ट पेनफुल' हे त्यांचं पुस्तक २०१४ मध्ये आलं. त्याच्या वर्षभर आधी फेथ जॉन्स्टन यांचं 'फोर माइल्स टू फ्रीडम' प्रसिद्ध झालं. परुळकर आणि त्यांच्या साथीदारांच्या आठवणींवर ते उभं आहे. घटना १९७२ ची आणि पुस्तक २०१३ चं, मध्ये ४१ वर्षं गेली. नंतर या घटनेवर हिंदी चित्रपटही निघाला.

कॉकपिटमधून उतरून लेखणी हाती घेतलेली महाराष्ट्राशी जोडलेली आणखी दोन नावं आहेत. एअर चीफ मार्शल हृषिकेश मुळगावकर दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढाऊ वैमानिक होते. १९४७-४८ च्या काश्मीर मोहिमेतल्या कामगिरीसाठी त्यांना महावीरचक्र मिळालं आणि १९७६ ते १९७८ या काळात ते हवाई दल प्रमुख होते. 'लीडिंग फ्रॉम द कॉकपिट' हे त्यांचं आत्मचरित्र. २०१५ मध्ये पुण्यात त्यांचं निधन झालं. एअर कमोडोर रमेश बेनेगल यांची कहाणी तर आणखी वेगळी. तरुणपणी ते आझाद हिंद सेनेकडून प्रशिक्षणासाठी जपानला गेले, स्वतंत्र भारतात हवाई दलात आले आणि १९७१ मध्ये कॅनबेरा विमानांतून शत्रूच्या प्रदेशाची छायाचित्रं टिपण्याच्या धाडसी मोहिमांसाठी महावीरचक्राचे मानकरी ठरले. 'बर्मा टू जपान विथ आझाद हिंद' हे त्यांचं पुस्तक.

ही चारही पुस्तकं मूळ इंग्रजीत आहेत. वैमानिकाने लिहिलेलं वाचताना एक फरक जाणवतो. विमान किती वेगाने जातं, हे कोणीही लिहू शकतो. खांद्यात गोळी लागल्यावर कंट्रोल स्टिक कशी धरायची, हे ज्याने धरली तोच सांगू शकतो.

जे परतलेच नाहीत

या गोष्टीची दुसरी बाजू जास्त बोचरी आहे. रावळपिंडीच्या छावणीतले १२ जण घरी आले. पण १९७१ च्या युद्धातले ५४ भारतीय सैनिक बेपत्ता असून ते पाकिस्तानच्या ताब्यात असावेत, असं भारताने अनेकदा मांडलं. १९७९ मध्ये संसदेतही अशी काही नावं आली. या ५४ जणांत हवाई दलाचे २४ जण होते.

त्यातलं एक नाव फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे. परुळकरांसारखेच सुखोई-७ चे वैमानिक, पण ३२ व्या स्क्वॉड्रनचे. ५ डिसेंबर १९७१ ला शोरकोटवरच्या हल्ल्यात त्यांचं विमान पाडलं गेलं. त्याच काळात एका पाकिस्तानी वृत्तपत्रात पकडलेल्या भारतीय वैमानिकांची नावं छापून आली होती, त्यात 'टॉम्बे' असं एक नाव होतं. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या. पतीचा ठावठिकाणा लागावा म्हणून त्यांनी पुढची अनेक दशकं पाठपुरावा केला. हे ५४ जण आपल्या ताब्यात नाहीत, अशीच पाकिस्तानची भूमिका राहिली.

एकाच युद्धात, एकाच प्रकारच्या विमानातून उडालेले दोन मराठी वैमानिक. एकाच्या कैदेतला प्रत्येक टप्पा पुस्तकात आहे. दुसऱ्याबद्दल वृत्तपत्रातल्या एका चुकीच्या स्पेलिंगपलीकडे फारसं काही हाती लागलेलं नाही.

सातारा-सांगलीने यातून काय घ्यावं?

हा पट्टा सैनिकांचा आहे, हे वेगळं सांगायला नको. देशातली पहिली सैनिक शाळा २३ जून १९६१ ला साताऱ्यात सुरू झाली. याच जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' लागतं. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जण कामी आले. तिथल्या स्मृतिशिलेवर त्यांचा आकडा आहे. पण त्या ४६ जणांनी समुद्रापलीकडे काय पाहिलं, घरी काय लिहून पाठवलं, याची हकिकत आज कोण सांगणार?

१९७१ च्या युद्धाबाबत अजून ती वेळ आलेली नाही. तेव्हा विशीत असलेला जवान आज पंचाहत्तरीच्या घरात आहे. कोरेगाव, खटाव, तासगाव, कवठेमहांकाळकडच्या कित्येक घरांत असे आजोबा असतील. त्यांच्यासाठी पुस्तक लिहायलाच हवं असं नाही. हातातला फोन पुरेसा आहे.

• एका बैठकीत सगळं विचारू नका. रोज अर्धा तास बोला आणि आवाज रेकॉर्ड करा.
• सुरुवात सोप्या प्रश्नांनी करा: भरती कुठे झाली, पहिली पोस्टिंग कोणती, युनिटचं नाव काय, सोबत कोण होतं.
• गावांची आणि ठिकाणांची नावं ते जशी उच्चारतात तशीच लिहून ठेवा. नकाशावरची नावं काळानुसार बदलतात.
• जुनी पत्रं, डिस्चार्ज बुक आणि फोटोंचे मोबाइलवर स्पष्ट फोटो काढा. फोटोतल्या माणसांची नावं लगेच नोंदवा.
• काही आठवणींबद्दल त्यांना बोलायचं नसेल, तर आग्रह करू नका.
• पदकं, सेवा नोंदी किंवा निवृत्तिवेतनाच्या कागदपत्रांबाबत अडचण असेल, तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा.

लांडी खान्याचं स्टेशन बंद झालं होतं, हे खैबरमधल्या चहावाल्याला ठाऊक होतं. ते रावळपिंडीच्या कोठडीपर्यंत पोहोचलं नव्हतं, एवढ्यानेच चार मैलांची वाट अडली. ज्याला ठाऊक आहे त्याच्याकडून वेळेवर विचारून घेणं किती मोलाचं असतं, हे त्या तिघांइतकं कोणाला कळलं असेल?